पागोळी कुणाच्या दारात?

लग्न होऊन मार्गासनीला आले आणि त्याच संध्याकाळी कळलं की माझी चूल म्हशीशेजारी आहे... जुनं घर पाडलेलं, नवं बांधायचं चाललेलं, आणि तोवर सगळं बिऱ्हाड गोठ्यात!

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. आता माझी नव्वदी उलटलीय, हे नात टाईप करतेय, चुका असल्या तर तिच्या.

ती म्हैस म्हणजे काय सांगू... मी भाकरी थापायला बसले की मान लांब करून परातीत बघायची. नव्या नवरीवर सासूनं ठेवावी तशी नजर! मी एकाच दिवसाची वाट बघत होते, पावसाआधी घरात जायच्या.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, जागेच्या बाबतीत महाहट्टी. "बोटभर बी जागा वाया घालवायची न्हाई," असं म्हणून त्यांनी जोतं थेट हद्दीच्या दगडाला भिडवलं. पलीकडं तात्यांचं अंगण. तात्या भावकीतलेच... जोत्याचे दगड उचलायला स्वतः आले, गूळपाणी प्याले, चकार शब्द बोलले नाहीत.

वर वासे चढले, कौलं बसली आणि मग तात्या थेट भोरला जाऊन अर्ज देऊन आले! म्हणे, याच्या छपराची वळचण माझ्या अंगणावर आलीय, पावसाचं पाणी माझ्या दारात पडणार. अस्सा संताप आला मला... गूळपाणी कशाला प्याला होतात मग?

ऐन वैशाखात भोरहून साहेब आले. त्यांनी नियम सांगितला, आपल्या छपराची पागोळी आपल्याच जागेत पडली पाहिजे, नाहीतर शेजाऱ्याची राजीखुशी पाहिजे. यावर मामंजी काय म्हणाले असतील? "सायेब, आमचं पाणी सरळ भिंतीवरनं खाली उतरतंय."

साहेब शांतपणे म्हणाले, "मग पाडून दाखवा पाऊस."

झालं! आख्खा गाव नदीवर. हंडे, घागरी, जे हाताला लागेल ते भरून आणायचं आणि शिडीवरून कौलांवर ओतायचं. तापलेली कौलं ती, सगळं पाणी पिऊन टाकायची... खाली थेंब नाही! मामंजींचा चेहरा खुलत चालला. तात्या हद्दीच्या आत, आपल्या अंगणात, वर बघत ठाण मांडून उभे.

शेवटी कौलांची तहान भागली एकदाची. वळचणीवरून धार सुटली ती थेट तात्यांच्या टोपीवर! सगळा गाव हसला, पण तात्यांना त्याचं काय... "बगा सायेब! माजी टोपीच पुरावा!" म्हणून नाचायला लागले.

माझं मात्र हसू पळालं. वळचण कापली तर मातीची भिंत, आणि आमच्या वेल्ह्याकडचा पाऊस... आषाढात चिखलच झाला असता तिचा. आणि तात्या तर हटून बसलेले, वळचण कापाच. म्हणजे पुढचे चार महिने मी आणि ती म्हैस. तिथंच पदर डोळ्याला लावून मी रडायला लागले.

तेवढ्यात तात्यांची बायको, आमच्या काकी, घरातून बाहेर आल्या. हातात रिकामा हंडा. रोज नदीवरून पाणी वाहून मान मोडलेली बाई... कुणाकडं न बघता त्यांनी हंडा आमच्या वळचणीखाली, बरोब्बर धारेखाली ठेवला.

म्हणाल्या, "पडू द्या की पानी. पर माज्या दारात पडलं ते माजं. पुन्हा मागायचं न्हाई."

तात्या खवळले, "तुला कुनी इचारलं?"

"पानी तुमी भरता व्हय?"

साहेबांनी हसू दाबत विचारलं, "तात्या, तुमची राजीखुशी?" तात्यांनी टोपी पिळली आणि सगळ्या गावादेखत "व्हय" म्हणाले.

मृगाआधी मी घरात गेले. चुलीशेजारी म्हैस नाही, या आनंदात पहिली भाकरी करपली. पावसाळाभर काकींचे हंडे आमच्या पागोळीनं भरायचे, आणि मामंजी खिडकीतून बघत हळहळायचे, "आपलं पानी चाललं गं..."

काल नातू नव्या घराचा नकाशा घेऊन आला. इंजिनिअर चारी बाजूंनी जागा सोडायला सांगतोय, तर हा जागा फुकट जाते म्हणून कुरकुरत होता. थेट मामंजींवर गेलाय!

म्हटलं, मुकाट्यानं सोड बाबा... सगळ्याच तात्यांच्या घरात काकी नसते.