शुक्रवारची लांब रेघ

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या एकतीस पाड्यांचे पंप किती मिनिटं चालवायचे, हा आकडा आसनगावच्या आमच्या कचेरीतून रोज सकाळी पंपांना जातो. तो प्रोग्राम मी लिहिलेला. शहापूरला नव्वद मिनिटं. मुरबाडच्या बोअरना पाणी कमी, म्हणून तिथे चाळीस.

शहापूर तालुक्यातल्या खर्डीजवळच्या एका पाड्याची टाकी अर्धीच भरू लागली. पंप सांभाळणाऱ्या बाईंवर ठपका आला, सोमवारच्या सभेत त्यांना काढणार होते. मी पाहायला गेलो, तेव्हा पाणी समितीचा एक सदस्य त्यांना म्हणत होता, "पंप अर्ध्यात बंद करून लाकडांना जातेस ना गो?"

"जंगल काय पळून चाललंय? बटनाला हात नाय लावला मी. भाऊ, तुमी टाकीच्या मागं या."

टाकीला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी होती. पंप थांबला की बाई पाण्याच्या उंचीएवढी उभी रेघ कोळशाने भिंतीवर ओढत. पस्तीस रेघा होत्या. सहा आखूड, एक लांब, पुन्हा सहा आखूड.

"लांब कुठल्या वाराची?"

"शुक्रवारची."

मी टेप लावली. लांब रेघ एकशे ऐंशी सेंटिमीटर, आखूड ऐंशी. नव्वदाला चाळीस, तेच प्रमाण! आणि दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी मुरबाडची वीज बंद असते.

कचेरीत येऊन प्रोग्राम उघडला. मुरबाडचा चाळीस हा आकडा मुरबाडपुरता ठेवायचा, तो मी सर्वांच्या सामाईक जागेत लिहिला होता. आधी मुरबाडची यादी चाले, मग शहापूरची, आणि शहापूर तोच चाळीस उचले. शुक्रवारी मुरबाडचे पंप उत्तर देत नसत, ती यादी वगळली जाई आणि नव्वद शाबूत राही. दोन्ही तालुके मी वेगवेगळे तपासले होते, एकत्र कधीच नाही. शहापूरच्या सगळ्याच टाक्या अर्ध्या राहत होत्या; रेघा मात्र एकाच बाईने ओढल्या.

चाळीसचा आकडा मुरबाडच्याच घरात बसवला. शनिवारी टाकी काठोकाठ भरली, रविवारीही.

सोमवारी सभेत उभा राहून मी सांगितलं, "चूक माझी होती. बाईंची नाही." मग तोच सदस्य पुटपुटला, "रेघा बरोबर निघाल्या म्हणायच्या."

"बरोबरच होत्या," बाई म्हणाल्या. "तू मागं येऊन बघितल्यास कवा?"

सभा हसली. बाई मात्र उठल्या. पंप थांबायची वेळ झाली होती, आणि आजची रेघ राहिली होती.