वाजवून दाखवणारे

आमचे हे वाद्यांच्या दुकानात गिटार वाजवायचे असं सांगितलं, की लोक म्हणतात, "अरे वा, कलाकार!" कलाकार कसले डोंबलाचे! नोकरी होती ती. गिऱ्हाइकानं भिंतीवरच्या गिटारीकडे बोट दाखवलं की ती उतरवायची, तारा जुळवायच्या, थोडी वाजवून दाखवायची आणि गिऱ्हाईक मान डोलवायला लागलं की पिशवीत भरून त्याच्या हातात द्यायची. लग्नाआधी माझ्या वडिलांना हे काम समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले होते. "म्हणजे विकतो की वाजवतो?" हे त्यांचं शेवटपर्यंत चालू होतं.

दुकान काही फार मोठं नव्हतं. आत शिरलं की एका भिंतीवर गिटारी, समोर काचेच्या कपाटात तारांची पाकिटं, आणि मागे अँप्लिफायरचे काळे खोके एकावर एक रचलेले. लाकडाचा आणि पॉलिशचा एक वास असायचा, तो ह्यांच्या शर्टाला लागून घरी यायचा. हे चष्मा विसरून गेले की मी मनातून खूश. चष्मा द्यायच्या निमित्तानं जायचं, एखाद्या खोक्यावर बसायचं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत जागचं हलायचं नाही. मालक ओळखून होते. "वहिनी, आज चष्मा की किल्ली?" म्हणायचे.

काय सांगू, संध्याकाळी काय गर्दी असायची! कॉलेजची पोरं नुसती बघायला यायची आणि हात लावू नका म्हटलं तरी लावायची. ऑर्केस्ट्रातली माणसं तारांच्या जाडीवरून अशी भांडायची, की जणू घराच्या वाटण्या चालल्या आहेत. पगाराच्या आठवड्यात उभं राहायला जागा नसायची. त्या गोंधळात हे स्टुलावर बसून, मान खाली घालून वाजवायला लागले की सगळं दुकान गप्प. मला तेव्हा इतका अभिमान वाटायचा, की कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसायचे.

ह्यांची खुबी अशी, की गिटार मांडीवर घेतली की तिची खोड ह्यांना लगेच कळायची. कुठे एखादी तार कुरकुरते, कुठे वरचे सूर बसके निघतात, कुठे तारा इतक्या उंच, की दाबता दाबता बोटं सोलून निघावीत. हे ती जागा बरोब्बर सोडून बाकी सगळीकडे वाजवायचे. कसलीही रद्दी गिटार ह्यांच्या हातात शहाण्यासारखी वागायची. मालक म्हणायचे, "ह्यांना झाडूला तारा लावून द्या, झाडूसुद्धा विकतील." घरी मात्र गिटार नाही. "दिवसभर तेच तर करतो, घरी कशाला?" म्हणायचे. मी किती वर्षं मागे लागले होते, एक आणा हो, कधीतरी घरातही वाजवा. "आणू की," म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

मग बाजारच फिरला. आधी ती माणसं आली, जी तासभर ह्यांना वाजवायला लावायची, गिटारीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढायची आणि घरी जाऊन फोनवरून स्वस्तात मागवायची. हे त्यांनाही तितक्याच मन लावून वाजवून दाखवायचे. मला इतका संताप यायचा! मग आवाज घुमवायचे ते सगळे डबे, पेडल, अँप्लिफायर फोनमध्येच येऊन बसले, आणि मागचे काळे खोके धूळ खात पडले. मध्ये एकदा सगळं जग घरात बसलं होतं, तेव्हा मात्र ज्याला त्याला गिटार हवी झाली. मालक हरखून गेले, दुप्पट माल भरला. जग घराबाहेर पडलं आणि त्याच गिटारी अर्ध्या किमतीत बाजारात परत आल्या, नव्या कोऱ्या, जेमतेम हात लागलेल्या. मग नवी कोण घेणार? मालकांनी शटर ओढलं. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

हे घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. खिडकीजवळची खुर्ची, आणि तोंडाला कुलूप. चहा ठेवला तर प्यायचा, नाही ठेवला तर मागायचा नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी खुर्चीच्या दांड्यावर चालायची. आधी मी चिडले, मग घाबरले. हा माणूस असाच बसून बसून संपणार, असं मला सारखं वाटायला लागलं. ह्यांच्या हातात परत गिटार आली पाहिजे, आणि ती आमच्याच घरात आली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं.

लेकीनं मला फोनवर ते जुनं सामान विकायचं ॲप काढून दिलं. बघते तर काय, गिटारींचा नुसता खच! "जागेअभावी विकणे." "एकदाच वाजवली." "भेट मिळाली होती, आवड नाही." मी ह्यांना म्हटलं, "उठा, कपडे बदला, गिटार बघायला जायचंय." मानेनंच नको, हातानंच कशाला, सगळं करून झालं. पण मी ऐकणाऱ्यातली नाही.

पहिलं घर एका तरुण मुलाचं. शहर सोडून चालला होता, सामान बांधलेलं, गिटार कोपऱ्यात. ह्यांनी तारा जुळवल्या आणि वाजवायला घेतलं. अहाहा! किती महिन्यांनी ऐकत होते मी. माझा जीव असा सुपाएवढा झाला. पण तो मुलगा हातातला चिकटपट्टीचा रोल तसाच धरून उभा. हे थांबल्यावर म्हणाला, "काकू, सॉरी हं. हिचा असा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. मी घेऊनच जातो बरोबर."

दुसऱ्या घरी एक आई मुलाची गिटार विकत होती. "पडून असते हो, नुसता पसारा." जिन्यातच मी ह्यांना बजावलं होतं, "जरा वाईट वाजवा." ह्यांनी प्रयत्न केला, खरंच केला. एक सूर चुकवला. मग राहवेना म्हणून तो सुधारून वाजवला, आणि मग सुधारतच गेले. तेवढ्यात मुलगा कॉलेजातून आला, बूट न काढताच दारात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "माझी गिटार विकतेस?" झालं! मायलेकांची जुंपली आणि आम्ही हात हलवत खाली आलो. मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर ह्यांनी दुसऱ्यांना गिटारी विकल्या, आणि आता स्वतःसाठी घ्यायला निघालो, तर वाजवली की मालकच देईना!

तिसरं घर एका रिटायर्ड बस ड्रायव्हरचं. धिप्पाड माणूस, बोटं केळ्यांसारखी जाड. विकायची म्हणून त्यांनी नव्या तारासुद्धा लावून आणल्या होत्या. "घ्या हो," म्हणाले, "माझ्या तरुणपणची हौस. घरात आली तेव्हापासून रडतेच आहे. आमच्या बोटांत काही नाही." ह्यांनी गिटार घेतली, डोळ्यांसमोर आडवी धरून तारांच्या रेषेत पाहिलं आणि तसेच थांबले. वाजवलीच नाही. मला वाटलं, चला, देव पावला, न वाजवताच घेतात बहुतेक. मी पर्स उघडली.

"कुठून घेतली होती?" ह्यांनी विचारलं.

ड्रायव्हरनी आमच्याच दुकानाचा पत्ता सांगितला. "तिथे एक जण वाजवून दाखवायचा. काय वाजवली होती हो त्यानं! ती ऐकूनच घेतली."

मी ह्यांचा पाय दाबला. गप्प बसा, म्हटलं मनात, इतके महिने गप्प बसलात, आणखी पाच मिनिटं बसा. पण हे म्हणाले, "तो मीच."

ड्रायव्हर निरखून बघायला लागले. हे खाली बघून बोलत होते. "हिच्या तारा फार उंच आहेत. तेव्हाही होत्या. नवशिक्याला दाबता येणं शक्यच नव्हतं. मला कळलं होतं ते. मी तारा न दाबता, मोकळ्याच वाजवून वेळ मारून नेली. तुमच्या बोटांत काही खोट नव्हती हो. गिटारच तशी होती."

मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला दाराबाहेर काढणार. काढलं असतं तरी मी काय बोलणार होते? पण ते चिडलेच नाहीत. स्वतःची ती जाड बोटं उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "आमच्या मुलीला गाणं शिकायचं होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्या घरात कुणाला सूरच नाही, कशाला जाऊन हसं करून घेतेस." त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

हे उठले. "काचपेपर आहे का घरात?" ड्रायव्हरच्या हत्यारांच्या पेटीत होता. ह्यांनी तारा सैल केल्या, त्या जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी काढली, ओट्यावर काचपेपर पसरला आणि तारा खाली याव्यात म्हणून पट्टी बुडाकडून घासायला लागले. घासायची, बसवून बघायची, परत काढायची, परत घासायची. मी आपली चहा झालेले कप विसळत उभी, परक्याच्या घरात! शेवटी तारा ताणून झाल्या, जुळवून झाल्या, तेव्हा हे गिटार मांडीवर घेऊन बसतील असं मला वाटलं. ह्यांनी ती ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवली. एकेक जाड बोट धरून तारांवर बसवलं. "दाबा. आता उजवा हात वरून खाली आणा."

आवाज आला. स्वच्छ, भरलेला. कुणीही ऐकावा असा.

ड्रायव्हरनी परत हात फिरवला. परत तोच आवाज. मग खिशातून फोन काढून बायकोकडे दिला, "लाव तिला, स्पीकरवर." मुलीनं उचलला. "काय हो बाबा?" ड्रायव्हरनी नुसता हात फिरवला. पलीकडून ती म्हणाली, "कोण आलंय? कोण वाजवतंय?"

"मी," ते म्हणाले. "मी वाजवतोय गं."

आम्हाला वाटलं, फोन कट झाला. मग पोरीचा आवाज आला, वेगळाच, बारीक. "परत वाजवा."

मला रडू आलं, लपवून काय करायचंय? पर्स अजून उघडीच होती, ती मी बंद केली. आता कसली गिटार मागता त्या माणसाकडे! आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, तर हे ड्रायव्हरची अनामिका थोडी पुढे सरकवत होते आणि तोंडानं ताल धरत होते. तोंड उघडं! कुलूप निघालेलं!

जिना उतरताना हे जे बोलायला लागले, ते घर येईपर्यंत थांबले नाहीत. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय, दुसरा सूर दाखवायचाय, त्यांची मुलगीही येणार आहे, आणि त्या ॲपवर अजून कोण कोण विकतंय ते बघ, विकायच्या आधी एकदा तारा खाली करून देऊ, कितीतरी लोक उगाच स्वतःला नावं ठेवत बसले असतील. मी म्हटलं, "आणि आपल्या घरी? आपल्या घरी कधी यायची?" हे म्हणाले, "आणू की."

अजून आणलेली नाही. नवऱ्याची गिटार ऐकायची, तर मला लोकांच्या दारात जाऊन बेल वाजवावी लागते, परक्याच्या खुर्चीवर बसावं लागतं, आणि त्यातही हे अर्धा वेळ दुसऱ्यालाच वाजवायला लावतात. बडबडत जाते मी. पण मंगळवार आला, की ह्यांच्याआधी चप्पल घालून दारात उभी असते.