दुधनेवरून खाली

दिनकरराव चारठाणकर गेले त्या दिवशी सगळं उरकल्यावर त्यांची मुलगी उत्तरा तीन-साडेतीन तास गाढ झोपली. शेजारच्या बायका पिठलं-भात घेऊन आल्या तेव्हा ती उठून बसली, किती जणांना चहा लागेल ते मोजलं आणि गॅस पेटवायला निघाली. शेजारणीनं तिचा हात धरला. "अगं, आज आपल्या घरात चूल पेटवायची नसते." उत्तरा म्हणाली, "हो का? बरं," आणि परत जागेवर येऊन बसली. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिला रडू येईल म्हणून त्या थांबल्या होत्या. ते काही आलं नाही.

दिनकरराव पूर्णा जंक्शनवर पार्सल क्लार्क होते. निवृत्त झाल्यावर परभणीत घर घेतलं, आणि चौदा वर्षांनी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. त्यानंतर अकरा वर्षं ते पलंगावर होते. उत्तरा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होती. साहेबांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवून काढायचे, हे तिचं काम. लग्नाचं राहून गेलं, असं नातेवाईक म्हणायचे. तिनंही त्याला दुसरा शब्द कधी शोधला नाही. दिवसा बाई ठेवलेली असायची. सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांची कूस बदलणं, भरवणं, पुसणं तिच्याकडे. अठ्ठावन्न पूर्ण झाली, ती निवृत्त झाली, बाईला कामावरून मोकळं केलं. पुढच्या आठ महिन्यांत वडील गेले.

त्यानंतरही पहाटे पाचला तिचे डोळे उघडायचे. त्या वेळी पहिली कूस बदलायची असायची. आता ती उठून बसायची आणि उजाडेपर्यंत भिंतीकडे बघायची. दुःख झालं होतं असं म्हणावं तर तसं नव्हतं. सुटका झाली असं म्हणावं तर तेही नव्हतं. जेवण मातीसारखं लागत नव्हतं, पण जेवणासारखंही लागत नव्हतं. पुण्याहून भाऊ योगीराज रोज फोन करायचा. "ताई, कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी आहे." खोटं नव्हतं ते.

अशाच एका पहाटे तिनं कपाटावरची नकाशांची गुंडाळी काढली. शाई सांडल्यामुळे बाद झालेले कागद साहेबांना विचारून तिनं कधीकाळी घरी आणले होते, कपाटात अंथरायला. त्यात दुधना नदीचा कागद निघाला. सेलूकडून खाली येणारी, वळणं घेत पूर्णेला मिळणारी निळी रेघ. मध्ये आडव्या छोट्या रेघा म्हणजे बंधारे. ही रेघ तिनं पंचविशीत ओढली होती. नदी मात्र तिनं फक्त रेल्वेच्या आणि एसटीच्या खिडकीतून पाहिलेली, पुलाच्या कठड्यामधून, दोन-चार क्षण.

तिनं पट्टी घेतली आणि रेघ मोजायला सुरुवात केली. वळणांवर दोरा लावून. उजाडलं तेव्हा सेलूच्या खालच्या अंगापासून पूर्णा-गोदावरीच्या संगमावरच्या कंठेश्वरपर्यंतचं अंतर निघालं होतं. पाण्यानं एवढं अंतर जायला किती दिवस लागतील, हा पुढचा हिशेब आपोआप आला. इच्छा अशी काही नव्हती. हाताला काम मिळालं होतं, इतकंच.

मोबाईलवर तिला लांबट, निमुळत्या नावा दिसल्या. एकटा माणूस एका वल्ह्यानं चालवतो, आणि पाणी संपलं की डोक्यावर घेऊन चालतो. कॅनो म्हणतात. ती एमआयडीसीत सिद्धोधनकडे गेली. सिद्धोधन तिशीतला, फायबरचे दरवाजे आणि कूलरच्या टाक्या बनवायचा. कचेरीतल्या कूलरची टाकी त्यानंच बदलून दिली होती, म्हणून ओळख.

"मॅडम, मी टाक्या बनवतो. नाव कुठून आणू?"

"टाकी लांब करायची आणि दोन्ही टोकं निमुळती करायची," उत्तरा म्हणाली आणि तिनं नकाशा समोर ठेवला. वरून, बाजूनं, समोरून, तिन्ही अंगांनी काढलेला, मापांसकट. सिद्धोधननं तो उलटसुलट करून पाहिला.

"कोन बसणार ह्यात?"

"मी."

तो हसला नाही. म्हणाला, "वजन किती पायजे?"

"मला एकटीला चाकांवर चढवता आलं पाहिजे."

दीड महिन्यात नाव झाली. पांढरी, सव्वीस किलोची. सायकलच्या दोन चाकांचा एक गाडाही त्यानं करून दिला, बंधाऱ्यापाशी नाव ओढत न्यायला. लहानपणी चारठाण्याच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली होती, पण वल्हं कधी धरलं नव्हतं. सिद्धोधनच्या ओळखीचे दत्तराव म्हणून एक शेतकरी पोखर्णीच्या अलीकडे राहायचे. त्यांचं शेततळं मोठं होतं. टेम्पोत नाव घालून दोघं तिकडे गेली.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी वळण घेताना ती एका अंगाला जास्त झुकली आणि नाव पालथी झाली. तळ्याला खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाय ठेवला की घसरायचा. कडेला येऊन ती तीनदा वर चढायला गेली आणि तीनदा परत आत सरकली. मग ती पालथ्या नावेला धरून शांत तरंगत राहिली. तिला वाटलं, पाणी गार आहे. एवढंच वाटलं.

दत्तराव बांधावरून धावत आले. "बाई! धरून ऱ्हा! सोडू नका!" त्यांनी पाण्याच्या मोटारीचा दोर सोडवून फेकला, सिद्धोधन मागून धरायला आला आणि दोघांनी तिला ओढून वर काढलं. वर आल्यावर उत्तरानं पदर पिळला आणि विचारलं, "नावेला काही झालं का?"

साठीचे दत्तराव हातातला दोर तसाच धरून तिच्यासमोर आले.

"तुमी ओरडल्या काऊन न्हाईत?"

"तुम्ही येतच होता."

"मी मोटार बंद कराया आलतो म्हनून दिसल्या! ह्या तळ्यात गेल्या साली माझा बैल गेला. तुमाला भेव वाटलं न्हाई?"

उत्तरानं खरंच आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "हल्ली वाटत नाही काही."

दत्तरावांनी दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "मंग तुमी पान्यात जाऊ नका. भेव न्हाई त्याला पानी सोडत न्हाई. मी तळं देत न्हाई आता."

सिद्धोधन मधे पडला, समजूत घालू लागला. दत्तराव ऐकेनात. उत्तरा ओल्या साडीत उभी होती. ती म्हणाली, "दत्तराव, तुम्हाला कशाकशाचं भेव वाटलं असतं, ते मला सांगा. मी लिहून घेते."

"लिहून?"

"मला वाटत नाही, तर वहीत तरी असू दे."

हे ऐकून दत्तरावांचा राग कुठं गेला कोणास ठाऊक. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि सांगायला लागले. नदीत शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, वायरी उघड्या असतात, लाईट असताना तिथून जायचं न्हाई. वाळू उपसलेले डोह असतात. पाय टेकंल वाटतं, टेकत न्हाई. जाळी लावलेली असती, वल्हं अडकतं. वेड्या बाभळीत रानडुकरं बसतात. साडी नेसून नावेत बसायचं न्हाई, ती पायात गुतली तर माणूस तळाला. उत्तरानं सगळं लिहिलं, एका खाली एक. वहीचं पान भरलं तेव्हा दत्तराव म्हणाले, "उद्या या. पर दोर कमरंला बांधूनच."

उन्हाळाभर ती शिकली. ड्रेसवर, कमरेला दोर, अंगात फुगीर जाकीट. पावसाळा लागायच्या आत तिनं एसटीनं एकेक बंधारा पाहिला. गावात उतरायचं, नदीपर्यंत चालायचं, पावलं मोजायची: नाव कुठून बाहेर काढायची, किती ओढायची, परत कुठं सोडायची. हापसा कुठं आहे, रात्री तंबू टाकायला उंच जागा कोणती. एका बंधाऱ्यावर कमलबाई नावाची बाई धुणं धुवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संगं कोन हाय?"

"कोणी नाही."

"मालक?"

"नाहीत."

"बरं हाय," कमलबाई म्हणाली आणि साबणाचा हात पुसून बंधाऱ्यातल्या पाणी अडवणाऱ्या फळ्यांकडे बोट केलं. "त्या फळ्यांच्या जवळ यिऊ नको. वरून गुळगुळीत दिसतंय, पर खालून वढतंय. लय लांबूनच काठ धर. त्या जांभळीपासून." उत्तरानं वहीत जांभळीचं झाड काढलं. कमलबाईनं तिला भाकरी आणि ठेचा दिला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसताना उत्तराला वाटलं, वडील गेले तेव्हा शेजारच्या बायका ज्याची वाट बघत होत्या ते हेच; आणि तेही मिरचीनं.

सप्टेंबरात पूर आला. नद्या गावांत शिरल्या, पिकं गेली. पाणी ओसरल्यावर उत्तरा पुन्हा एसटीत बसली. तिची अर्धी वही निकामी झाली होती. दोन बंधाऱ्यांच्या कडेची माती वाहून नदीनं बाजूनं नवीन वाट काढली होती. तंबूची उंच जागा म्हणून टिपलेली एक टेकडी उरलीच नव्हती. कमलबाईच्या बंधाऱ्यावर जांभूळ आडवं पडलेलं होतं. कमलबाई घरी भेटली. रानातली माती खरडून गेली होती, खाली दगड उघडे पडले होते. ती सांगत होती आणि उत्तरा ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुमच्या रानाचा नकाशा आहे का? पंचनाम्याला जोडायला मी काढून देते." दुपारभर बसून तिनं बांध, विहीर, वाहून गेलेला भाग असा स्वच्छ नकाशा शाईनं काढून दिला. कमलबाईच्या सुनेनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

मग उत्तरानं नवी वही घेतली आणि पहिल्या बंधाऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.

जानेवारीत वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. त्याला योगीराज आणि त्याची मुलगी अपेक्षा पुण्याहून आले होते. अंगणात पांढरी नाव उपडी पडलेली योगीराजनं आल्याबरोबर पाहिली. गुरुजी गेल्यावर बोलला.

"ताई, हे काय चाललंय? वर्षभर तू एकदा तरी रडलीस का बाबांसाठी?"

"नाही."

"मग हे कुठून आलं?"

"माहीत नाही, योगी. पहाटे जाग यायची. काहीतरी करावं लागतं."

"आणि काही बरंवाईट झालं तर?"

उत्तरानं आतून वही आणली. योगीराज बँकेत कर्जाच्या अर्जांची जोखीम तपासायचा. त्यानं पानं उलटली: धरणातून पाणी कधी सोडतात, कोणत्या गावी कोणाला फोन, रोज संध्याकाळी सहाला कोणाला निरोप, निरोप न आल्यास किती वेळानं शोधायचं. परत फिरण्याच्या अटी वेगळ्या पानावर. तो बराच वेळ वाचत बसला. मग खिशातून पेन काढून फोनच्या यादीत स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं. अपेक्षा म्हणाली, "आत्या, मी येऊ?"

"एकीचीच जागा आहे," उत्तरा म्हणाली.

चार दिवसांनी सिद्धोधननं सेलूच्या खाली नाव पाण्यात सोडून दिली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आमटीसाठी येसराच्या पिठाची पुडी, पाण्याचे दोन कॅन. तिनं हात केला आणि पहिल्या वळणाआड गेली.

सांगण्यासारखं फार घडलं नाही. पाणी संथ होतं, कुठं कुठं एवढं उथळ की उतरून नाव ओढावी लागली. वायरी दिसल्या तिथं ती काठाला थांबली, लाईट जायची वाट पाहत. खंड्या पक्षी समोरून गेले. एका सकाळी डुकरांची रांग पाणी ओलांडताना दिसली, ती जाईपर्यंत तिनं वल्हं आडवं धरून ठेवलं. सहाला निरोप जायचा: "ठीक." योगीराजचा उलट निरोप यायचा: "ठीक." दुधना पूर्णेला मिळाली ते तिला जरा उशिरानं कळलं. पात्र रुंद झालं होतं, बस.

आठव्या दिवशी राहाटीच्या अलीकडे जलपर्णी लागली. हिरवीगार, काठापासून काठापर्यंत. पुरात ती वाहून गेली असेल असा तिचा अंदाज होता. काठावर चढून तिनं पाहिलं, शेवट दिसेना. वहीतल्या वेगळ्या पानावर लिहिलं होतं: दोनशे पावलांहून जास्त जलपर्णी, आणि काठानं नाव ओढायला वाट नाही, तर थांबायचं. काठावर नुसत्या वेड्या बाभळी होत्या. कंठेश्वर अजून तीन दिवसांवर होतं. तिनं सिद्धोधनला फोन लावला.

तो दुपारी टेम्पो घेऊन आला. दोघांनी नाव चढवली, दोरानं बांधली. टेम्पो रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, वाईट वाटायलंय का? ऱ्हायलं की थोडं."

उत्तरानं विचार केला. "ऊन लय होतं," ती म्हणाली. नाकाचं कातडं निघालं होतं, तिथं तिनं बोट लावलं. "उरलेला भाग चुडाव्याच्या अंगानं बघून यावा लागेल. तिकडचा मी नीट पाहिलाच नाही."

झिरो फाट्यावर भज्यांचा गाडा होता. वास आत आला. उत्तरा म्हणाली, "थांबव जरा, भूक लागलीय." सिद्धोधननं टेम्पो कडेला घेतला. तिनं एक प्लेट संपवली, मग दुसरी सांगितली, आणि गाडेवाल्याला म्हणाली, "मिरची जरा जास्त दे."