मुक्कामी गाडीवर आलेला आळ

“काऊन हो, कोन्या गावची होती ते?” माय बाबांवर अशी कडाडली, की आमच्या सोनाळा गावातली कबुतरं उडून थेट सातपुड्यात जाऊन बसली. अजून परतली नाहीत.

झालं होतं एवढंच. शेगावच्या एका शिबिरात मी कधीकाळी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवू दिली होती; चहा-बिस्कीट बरं होतं म्हणून. आज ते शिबिर भरवणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. रक्ताचा कर्करोग झालेल्या कोणा तिशीतल्या बाईशी माझा तो नमुना जुळत होता. तिच्या घरातलं कोणीच जुळलं नव्हतं. माझ्या रक्तातल्या मूळपेशी मिळाल्या तर ती वाचण्याची आशा. नाव-गाव सांगायला मात्र मनाई.

फोन स्पीकरवर होता, तिथंच घात झाला.

मायने तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी जमवलेल्या. दूरचा मामेचुलता ती नुसत्या नाकावरून ओळखते. परक्याशी रक्त जुळतं, हे तिला कोण पटवणार? त्यात बाबांची उभी नोकरी मुक्कामी एसटी चालवण्यात गेलेली. रोज नवं गाव, रात्री तिथंच.

“मी गाडीतच झोपत होतो वं!” बाबा म्हणाले.

“एवढ्या मच्छरात?”

“मच्छरदानी होती.”

“कोनं देल्ली?”

खरं सांगतो, ती मच्छरदाणी मलाही खटकली.

फोनवरच्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, “काकू, नातं नसलं तरी जुळतं हो. एकाच भागातल्या लोकांत जरा जास्त, एवढंच.”

“आयकलं? याच भागातली हाये!”

बाबांच्या कपाळाला असा घाम सुटला, की त्यावर दोन एकर गहू निघाला असता. मी त्या तिशीतल्या बाईचं वय आणि बाबांच्या बदल्या मनातल्या मनात ताडून पाहत होतो. आपलंच मन किती हलकट असतं!

“मी नाही म्हटलं तर?” मी फोनवर विचारलं.

बाई म्हणाल्या, “दुसरं कोणी सापडलेलं नाही.”

माय उठून आत गेली. भांडी आदळली. फोनवर हात ठेवून मी दारातून विचारलं, “माय, काय सांगू त्यायले?”

ती पीठ मळत होती. वर न पाहता म्हणाली, “तुह्या बाबाची पोर असली तरी मरू कायले द्याची. हो म्हन.”