खांबापलीकडचा खडक

धक्क्यावर तिला सगळे आक्का म्हणायचे, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले नावाडीसुद्धा. गळ टाकायला येणाऱ्या हौशी पाहुण्यांना तलावावर फिरवणारे अकरा वाटाडे होते. त्यात बाई ती एकटीच. तलाव एवढा अफाट की समोरचा काठ स्वच्छ हवेतसुद्धा पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढाच दिसायचा. कुठला मासा कोणत्या तासाला कुठे असतो हे आक्काला नेमकं ठाऊक होतं, आणि ते पाहुण्याला सांगायचं की नाही हे ती त्याचं वागणं बघून ठरवायची. अंगाने ती आडवी होती, चाल संथ, आणि आवाज असा की तिने ‘बसा’ म्हटलं की शेजारच्या नावेतला माणूसही खाली बसायचा.

हे काम तिने हौसेने धरलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षापर्यंत ती नावांवर घालायची ताडपत्रीची आवरणं शिवायची. नाव धाकट्याची होती. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, पाण्यावर वाढलेला, दिवसभर शीळ घालणारा.

चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी एक बडा अधिकारी एकटाच त्याच्या नावेत होता. जेवण झाल्यावर त्याने सोबत आणलेली बाटली उघडली. निघायच्या वेळी धाकटा पुढे वाकून नांगर ओढत होता आणि मागे बसलेल्या साहेबाला नाव चालवायची लहर आली. “राहू द्या साहेब, पुढे खडक आहे,” असं धाकटा म्हणेपर्यंत त्याने सुकाणूचा दांडा धरून इंजिन पूर्ण वेगात सोडलंसुद्धा. तलावात पाण्याची पातळी मोजायचा एक पांढरा खांब आहे. त्याच्या पलीकडे एक खडक आहे, त्या वर्षी पाण्याखाली जेमतेम हातभर. नाव त्याच्यावर चढली. धाकट्याचा उजवा गुडघा फळीवर आपटून फुटला, आणि बाटली फुटली तीही नेमकी त्याच्या अंगावर.

चौकशीत साहेबाने सांगितलं की वाटाडा प्यायला होता आणि आपण तोंडावर टोपी घेऊन झोपलो होतो. धाकट्याने जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण सदऱ्याला वास येत होता आणि साहेबाच्या शब्दाला वजन होतं. धाकट्याचा परवाना रद्द झाला. गुडघा कायमचा आखडला. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लोकांच्या गळांची बिघडलेली रिळं दुरुस्त करायचा. तलावाचा विषय निघाला की उठून आतल्या खोलीत जायचा. शीळ तर गेलीच. आक्काने परीक्षा देऊन स्वतःच्या नावावर परवाना काढला आणि त्याच नावेत जाऊन बसली. साहेबाला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव मात्र तिला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. राग जपून ठेवण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

तर त्या सोमवारी बुकिंगच्या कारकुनाने वही तिच्यापुढे सरकवली.

“शनिवारी दोन पाहुणे. एक निवृत्त मोठे साहेब आहेत, दुसरे त्यांचे होणारे व्याही. जरा गोड बोल हं आक्का.”

आक्काने नाव वाचलं. वही उलटी धरून परत वाचलं, जणू तसं काही वेगळं निघणार होतं.

“बोलते की,” ती म्हणाली. कारकून चमकला. आक्का एवढ्या चटकन कशालाही हो म्हणत नसे.

गुरुवारी ती एकटीच पांढऱ्या खांबापर्यंत गेली. दोरीला शिशाचं वजन बांधून तिने खडकावरचं पाणी मोजलं, एका नाही, सात ठिकाणी. यंदा तलाव तुडुंब होता. खडकावर दोन पुरुष खोल पाणी होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती कानस घेऊन ओट्याशी उभी राहिली आणि चार गळांची टोकं घासू लागली.

धाकट्याने टेबलावरून मान वर केली. “अगं, गळाला धार लावायची असते. तू घालवतेयस.”

“जुने आहेत.”

“जुने आहेत तर टाकून दे.”

“तू तुझं रीळ बघ.”

धाकट्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी दोघे आले. साहेब सत्तरीचे, गुबगुबीत, नव्याकोऱ्या खिशाखिशांच्या जाकिटात. व्याही शाळामास्तर होऊन निवृत्त झालेले, काटकुळे, आणि तरंगजाकिटाचे पट्टे गळ्यापर्यंत आवळून बसलेले. लहानपणी काठीला दोरा बांधून नदीवर मासे धरायचो, एवढंच ते संकोचून म्हणाले. मोठ्या तलावावर एकदा जायची त्यांची इच्छा होती आणि साहेबांनी ती पुरवायचं मनावर घेतलं होतं.

“हा तलाव मला तळहातासारखा माहीत आहे,” साहेब म्हणाले. “ओ बाई, आम्हाला फालतू ठिकाणी फिरवू नका. नाव चालवता येते ना नीट?”

“येते, साहेब.”

त्यांनी तिचं नाव विचारलंच नाही. मास्तरांनी मात्र ‘ताई’ म्हणून हाक मारली आणि नावेत पाय ठेवायच्या आधी चपला काढू का म्हणून विचारलं.

आक्काने मास्तरांना धारदार गळ दिला आणि त्याला जाडजूड गांडूळ लावलं. साहेबांच्या हातात घासलेला गळ दिला. सकाळभरात साहेबांना सहा वेळा झटका बसला आणि सहाही वेळा मासा आमिष खाऊन आरामात निघून गेला. मास्तरांना दोन मासे मिळाले.

“तुमचं नशीबच आज रुसलंय, साहेब,” आक्का म्हणाली. एवढं गोड ती वर्षभरात कोणाशी बोलली नव्हती.

खरं तर तिचा बेत इथवर पक्का होता. पाणी मोजून ठेवलं होतं, पण खडकाकडे जायचं की नाही यावर मन दोलायमान होतं. दिवसभर रिकाम्या हातांनी बसवायचं, व्याह्यांसमोर नाक कापायचं, पुरे झालं, असंही तिला वाटून गेलं होतं. पण पावांचा आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा उघडला गेला आणि साहेब रंगात आले.

“सांगतो तुम्हाला. मागे एकदा याच तलावावर मी मरता मरता वाचलो. वाटाडा मिळाला होता एक, सकाळपासूनच तर्र! मी बिचारा टोपी टाकून झोपलेलो. त्या बेवड्याने नाव नेली थेट खडकावर. मी म्हणून त्याला ओढून बाहेर काढलं, नाहीतर गेलाच होता. कागदावर दोन ओळी लिहून त्याचा परवाना घालवला. अशांची गय करायची नसते.”

ते हसले. अंड्याचा बलक त्यांच्या ओठाला लागला होता. मास्तर पाव चावत राहिले. आक्काने डब्याचं झाकण लावलं. एकदा लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. डोकं मात्र गार पडलं होतं.

“चला,” ती म्हणाली. “मोठा मासा पलीकडे आहे.”

नाव वळली. पांढरा खांब लांबून काडीएवढा दिसत होता, मग बोटाएवढा, मग हातभर. साहेब पुढच्या फळीवर बसले होते. खांब ओळखीचा वाटल्यावर त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग आक्काकडे.

“बाई, इकडे कशाला?”

आक्काने इंजिन पूर्ण वेगात सोडलं. नावेचं नाक वर उचललं गेलं आणि खांब बाजूने सर्रकन मागे गेला.

“बाई! खडक आहे पुढे! हळू!”

“कुठे, साहेब? मला तर पाणीच दिसतंय.” तिने सुकाणू किंचित लोटलं. नाव डावीकडे झुकली.

साहेब फळी सोडून गुडघ्यांवर आले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “डावीकडे नको! उजवीकडे घे, उजवीकडे! मी डावीकडे वळवली म्हणूनच आपटली होती! अगं, मी डावीकडेच—”

नाव खडकावरून गेली. खाली काही खरवडलं नाही, काही लागलं नाही. दोन पुरुष पाणी होतं. आक्काने इंजिन बंद केलं. नाव आपल्याच लाटेवर वर-खाली होऊ लागली आणि एवढी शांतता झाली की साहेबांची धाप मोजता आली असती.

“तुम्ही वळवली?” आक्का म्हणाली. “तुम्ही तर झोपला होता ना, टोपी घेऊन?”

“घाबरून... काहीतरी बोललो मी.”

“तो वाटाडा माझा धाकटा भाऊ.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे तू मुद्दाम... तुझा परवाना घालवीन मी! उद्याच्या उद्या!”

“घालवा. एका घरातले दोन होतील. तुम्हाला काय, सवय आहे.”

एवढा वेळ तरंगजाकिटाला धरून बसलेले मास्तर हलले. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारावं तशा सपाट आवाजात ते म्हणाले, “साहेब, सुकाणू कोणाच्या हातात होतं? एवढंच सांगा. माझी मुलगी तुमच्या घरी येणार आहे.”

साहेब पाण्याकडे बघत म्हणाले, “त्याला फार लागलं असेल असं मला वाटलं नव्हतं.”

“गुडघ्याची वाटी काढावी लागली,” आक्का म्हणाली. “तेहतीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात मुलीकडचे लोक घरी येणार होते. बेवड्याच्या घरी कोण येणार?”

“चला परत,” साहेब पुटपुटले. “मला बरं वाटत नाहीये.”

आक्काने घड्याळ पाहिलं. “साडेबारा झालेत. सहल चार वाजेपर्यंतची आहे. मी काम अर्धवट टाकत नाही.”

आणि तिने खरंच साडेतीन तास त्यांना फिरवलं. चौदा वर्षांत तिला असं बरं वाटलं नव्हतं. ते बरं वाटणं तिला पुरवून पुरवून खायचं होतं. साहेबांच्या हातात तिने गळ परत दिला, तोच घासलेला, आणि त्यांनी तो मुकाट्याने पाण्यात सोडला. तीन वाजता मास्तरांच्या गळाला मोठा शिंगाळा लागला, मनगटाएवढ्या मिशांचा असं ते नंतर सांगायचे. मिशा काही एवढ्या नव्हत्या, पण मासा मांडीएवढा होता. आक्काने स्वतः हातजाळं घालून तो वर घेतला. मास्तर आनंदाने ओरडले आणि मग साहेबांकडे लक्ष जाऊन गप्प झाले. साहेबांना तिने त्या माशाचं डोकं धरायला लावलं. “घट्ट धरा,” ती म्हणाली, “निसटला तर दोष वाटाड्याला देतात.”

घरी जाऊन तिने धाकट्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, चप्पलसुद्धा न काढता. त्याला हसू येईल, रडू येईल, काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. त्याने हातातलं रीळ खाली ठेवलं.

“मला का नाही नेलंस?”

“तू तर तलावाचं नाव काढलं की—”

“विचारलंस का? एकदा तरी?” त्याचा आवाज चढला. “तो माझा होता, आक्का. गुडघा माझा गेला. त्याचं तोंड कसं झालं ते मी बघायचं होतं, तू नाही!”

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. आक्काने आयुष्यात जे थोडे अपराध मान्य केले त्यांत हा एक. पण मान्य केला तो मनात. तोंडाने ती एवढंच म्हणाली, “भाजी गार होतेय.”

तीन आठवड्यांनी मास्तर एकटेच आले, घर शोधत. लग्न मोडलं नव्हतं. “मुलं आपलं ऐकत नाहीत हो,” ते म्हणाले. “पण हे हातात पडल्याशिवाय तारखेला हो म्हणणार नाही, असं मी सांगून टाकलं.” त्यांनी पाकीट धाकट्यापुढे ठेवलं. आत साहेबांच्या अक्षरातलं, सहीनिशी पत्र होतं. त्या दिवशी नाव आपण चालवत होतो, वाटाडा प्यायलेला नव्हता, आपल्या बेसावधपणामुळे अपघात घडला.

धाकट्याने पत्र दोनदा वाचलं. “बेसावधपणा काय? माज म्हणावं,” तो म्हणाला. मग मास्तरांना बसा म्हणाला आणि चहा टाकायला स्वतः उठला, लंगडत. पत्राची प्रत तलावाच्या कार्यालयात गेली. तिथून परवाना पुन्हा देण्याबद्दलचं उत्तर आलं, तेव्हा त्याने ते घडी घालून कपाटात ठेवलं. त्याला परवाना नको होता. पण एका रविवारी तो आक्काच्या नावेत येऊन बसला. तासभर पाण्याकडे पाहत होता. मग तिच्या इंजिनाच्या आवाजात खोट काढली.

पत्राची एक प्रत आक्काने मोठी करून घेतली, तिच्यावर प्लास्टिक चढवलं आणि धक्क्यावरच्या फळ्यावर चार खिळ्यांनी ठोकली, अगदी तिकीटखिडकीशेजारी. नावासकट. येणारे पाहुणे वाचतात, विचारतात, आणि आक्का पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. कारकुनाने दोनदा हळूच सुचवून पाहिलं. धाकटासुद्धा म्हणाला, “आता काढ ते. झालं सगळं.”

“उन्हाने अक्षरं उडाली की आपोआप जाईल,” आक्का म्हणाली.

दर तीन महिन्यांनी ती नवी प्रत लावते.