गुणाजी सरदारांचं शस्त्र

खांब गावच्या गुणाजीला भांडायला कारण लागत नसे. मिळालं तर बरंच. कंपनीत शिफ्टवरून, एसटीत खिडकीवरून आणि दर उन्हाळ्यात चुलतभाऊ पुंडलिकशी बांधावरच्या फणसावरून. मिशी मात्र झोकदार. म्हणूनच गेल्या वर्षी कुंडलिका नदीच्या काठी ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा बघ्यांच्या गर्दीतून त्यालाच उचललं.

"काका, तुम्ही लढायांना विटलेले सरदार," दिग्दर्शक म्हणाला. "तलवार नदीत टाकायची आणि म्हणायचं, 'यापुढे या हाताने रक्त सांडणार नाही.' शांतपणे."

गुणाजीने ती अशी भिरकावली की पलीकडचे बगळे उडाले.

"शांतपणे, काका!"

अकराव्या वेळी तो इतका दमला, की तलवार हातातून आपोआप गळली आणि वाक्य रडवेलं निघालं. दिग्दर्शकाने त्याला मिठीच मारली.

यंदा एप्रिलमध्ये सिनेमा रोह्याला लागला. अख्खी वाडी टेम्पो करून गेली. गुणाजी पडद्यावर पाऊण मिनिट होता. आपला चेहरा एवढा थकलेला दिसतो, हे त्याला तिथे कळलं. बायको चंद्रावतीने पदराने डोळे पुसले. सगळ्यात मोठी शिट्टी पुंडलिकची.

पुढच्याच रविवारी पुंडलिक शिडी लावून फणसावर चढला. गुणाजी कोयता घेऊन धावला.

"उतर खाली! नाय तर तंगडी तोडतो!"

पुंडलिक फांदीवर निवांत बसला. "दादा, सगळ्या रोह्यासमोर शस्त्र टाकलंस तू. आन् आता कोयता?"

कुंपणापलीकडच्या बाया खुदखुदल्या. गुणाजीने चंद्रावतीकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघताव? मी रडले व्हते त्या सीनला," ती म्हणाली.

त्याने कोयता खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. तेवढ्यात शिडी घसरली आणि पुंडलिक फांदीला लोंबकळला.

"दादा, शिडी धर!"

गुणाजीने विचाराला जरा जास्तच वेळ घेतला. मग शिडी लावली, घट्ट धरली आणि वरून आलेले फणस एकेक करून झेललेही. खाली उतरल्यावर दोघांनी हाताला तेल लावून ते फोडले आणि निम्मे निम्मे वाटून घेतले. भांडणाच्या बारा वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

संध्याकाळी पुंडलिकच्या बायकोने, अनिताने, त्याच फणसाच्या रसाची वाफवलेली सांदणं पाठवली. गुणाजीने सहा खाल्ली.

"गूळ कमी हाय," तो म्हणाला. पण सांगायला गेला नाही.