अर्धा सेंटिमीटर

गौरांग देवतळे गेल्या महिन्यात गेला. पहाडात, फौजेच्या चौकीकडे जाताना वरून बर्फाचा कडा सुटला. एकवीस वर्षांचा होता. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. पहिलीपासून आम्ही एका वर्गात. मला अजून ते खरं वाटत नाही.

त्याचे बाबा, अच्युतकाका, नागपूरकडचे. सरकारी नोकरीनं भोपाळला आले आणि इथलेच झाले. मुलानं बारावीनंतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. गौरांगला खुर्चीत बसवत नसे. त्याला फौजेत जायचं होतं. का, हे त्याला कधी नीट सांगता आलं नाही. विचारलं की म्हणायचा, "अगं, बस, जायचंय."

धावण्यात तो कुणाला ऐकायचा नाही. अडचण उंचीची होती. भरतीच्या मैदानावर दारातच उंची मोजतात. कमी भरली की तिथूनच परत. पहिल्या वर्षी तो अर्धा सेंटिमीटर कमी भरला.

त्याच्या आईला, नलिनीकाकूंना, एकुलता मुलगा पाठवायचा नव्हता. त्या दिवशी त्यांनी शिरा केला. आमच्याकडेही वाटी आली. गौरांगनं शिरा खाल्ला, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसला. काकू दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

भरतीचा सराव करणाऱ्या पोरांना एक गोष्ट ठाऊक असते. माणूस झोपून उठतो तेव्हा किंचित उंच असतो. उभं राहून, बसून दिवसभरात दबत जातो. दुसऱ्या वर्षी हे काकूंनीच मनावर घेतलं. आदल्या दुपारपासून त्याला आडवं ठेवलं. जेवणही तसंच भरवलं. पहाटे शेजारच्या श्रीकांतकाकांनी व्हॅनच्या मागच्या सीटा काढून गादी घातली. आम्ही चौघांनी त्याला चादरीतून खाली आणलं. एक टोक माझ्या हातात होतं.

"वरात काढताय का माझी?" गौरांग हसत होता.

"गप पड," काकू म्हणाल्या. "हसलास तरी कमी होशील."

नाक्यावर पोलिसानं आमच्या व्हॅनमध्ये टॉर्च मारला. कौन बीमार है, म्हणाला.

"बीमार नहीं साहब," गौरांग पडल्या पडल्याच बोलला, "फौजी है."

पोलिसानं हसून सोडलं. गौरांगनं मान उचलली की काकू छातीवर हात ठेवून त्याला दाबायच्या. पुढे तर त्यांनी हात काढलाच नाही, थेट मैदानाच्या दारापर्यंत.

पट्टी डोक्याला टेकली. तो आत गेला. दौडीची काळजी कुणालाच नव्हती.

मग तो एकदाच सुट्टीवर आला. खांदे रुंद झालेले. दिवसभर काकूंच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायचा, नको म्हटलं तरी भांडी घासायचा. परतताना आम्हाला वाटलं, दिवाळीला येईल.

भदभद्याच्या स्मशानघाटावर खूप माणसं आली होती. घोषणा झाल्या. काकूंना कुणीतरी वीरमाता म्हणालं. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाशी बोलतोय असं बघावं तसं.

आता घरी फारसं कुणी येत नाही. काल मी वर गेले. काका बाल्कनीत होते. काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी फरशीवर बसल्या होत्या.

"मी त्याला थोडा वेळ उठू दिलं असतं," त्या म्हणाल्या, "तर कमी भरला असता."

मी म्हटलं, काकू, मग पुढच्या वर्षी गेला असता. उंची वाढली असती.

"नसती वाढली. आमच्यात नाही कुणाची वाढत."

बाल्कनीतून काका म्हणाले, त्याला जायचंच होतं, नलू. हे ते रोज म्हणत असावेत.

"जायचं होतं," काकू म्हणाल्या. "पण त्याला जाता येत नव्हतं."

मग काकूंनी विचारलं, चहा घेतेस का. मी हो म्हटलं. त्या तशाच बसून राहिल्या, आणि मीही.